एक माईक, दोन वाटा

कीर्तन ही आपल्या बेने इस्राएल समाजाची जुनी ठेव. एकोणिसाव्या शतकात आपल्या पूर्वजांनी पवित्र शास्त्रातील चरित्रे मराठी पदांत गुंफली व पेटी-टाळांच्या साथीने गायिली. ती पदे मुखोद्गत असणारी माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. म्हणूनच आज वाचकांपुढे एक वरवर रुक्ष वाटणारा विषय मांडण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

काही वर्षांपूर्वी एका समारंभात एका वृद्ध आजींनी तासभर पदे म्हटली. त्यांच्या पुढ्यात माईक एकच होता. त्याचा आवाज सभागृहातील कर्ण्यांना हवा होता, तसाच ध्वनिमुद्रण यंत्रालाही. कुणीतरी उत्साहाने तारा सोलून एकमेकींना पिळून जोडल्या. घरी येऊन ऐकतो तो काय, भुंग्यासारखी अखंड गुणगुण आणि तिच्या तळाशी बुडालेला आजींचा क्षीण स्वर! पुढच्या वर्षी आजी राहिल्या नाहीत.

हे शल्य आम्ही गेल्या हिवाळ्यात जर्मनीतील इंगोलश्टाट येथे आमच्या भाच्यापाशी बोलून दाखविले. डॅन्यूबकाठचे हे गाव आज ऑडी मोटारींमुळे प्रसिद्ध आहे. पण १४७२ साली येथे विद्यापीठ स्थापन झाले होते आणि १५२० साली योहानेस रॉयख्लिन हा ख्रिस्ती पंडित तेथे हिब्रू शिकवीत होता. यहुदी ग्रंथ नष्ट करू नयेत, असे १५१० साली बादशहाला निक्षून सांगणारा तो हाच. भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या आजींचा आवाज आता परत आणता येणार नाही. पण पुढच्यांचा तरी वाचवू या." आणि त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावरच सोल्डरिंगची इस्त्री तापवायला ठेवली.

प्रथम दोष कोठे होता ते पाहू. मिक्सर व ध्वनिमुद्रण यंत्र दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या विजेवर चालत होते. दोघांनाही आपापली भूजोडणी, म्हणजे अर्थिंग होते. माईकच्या तारेवरील जाळीदार आवरणाने ती दोन्ही अर्थिंगे पुन्हा एकमेकांना जोडली आणि एक वर्तुळ तयार झाले. त्यातून विजेचा ५० हर्ट्झचा प्रवाह फिरू लागला. तीच ती गुणगुण!

यावर उपाय म्हणजे ट्रान्सफॉर्मर बसविलेली एक लहान धातूची पेटी. तिला आत येणारी वाट एक आणि बाहेर जाणाऱ्या वाटा दोन. माईकच्या प्लगला तीन पिना असतात: पहिली आवरणाची, दुसरी व तिसरी आवाजाची. या तिन्ही पिना पहिल्या वाटेला सरळ जोडावयाच्या. ही वाट मिक्सरकडे जाते. दुसरी व तिसरी यांच्या दरम्यान माईकसाठीच बनविलेल्या, एकास एक प्रमाणाच्या ट्रान्सफॉर्मरचे पहिले वेटोळे जोडावयाचे. त्याचे दुसरे वेटोळे दुसऱ्या वाटेच्या त्याच दोन पिनांना जोडावयाचे. ही वाट ध्वनिमुद्रणाकडे जाते. या वाटेची पहिली पिन मात्र एका खटक्यातून आणावी. गुणगुण आली की खटका उघडावा, वर्तुळ तुटते. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे पोचतो, तारेने नव्हे.

कंडेन्सर जातीच्या माईकला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा दाब लागतो. तो दोन्ही तारांवर सारखाच असल्याने वेटोळ्यातून वाहत नाही आणि पलीकडेही जात नाही. म्हणून हा दाब सरळ वाटेनेच द्यावा. एका माईकवर दोन यंत्रांचा भार पडल्याने आवाज किंचित उतरतो, पण कानाला तो फरक फारसा जाणवत नाही.

एक इशारा अत्यंत गांभीर्याने देतो. गुणगुण घालविण्यासाठी कित्येकजण यंत्राच्या विजेच्या प्लगमधील अर्थिंगची पिनच काढून टाकतात. असे कदापि करू नये! त्यात जीव जाऊ शकतो. खटका उघडावयाचा तो माईकच्या तारेवरचा. विजेच्या अर्थिंगला हात लावावयाचा नाही.

ज्या एमिल बर्लिनरने १८७७ साली अमेरिकेत मायक्रोफोन घडविला व पुढे ग्रामोफोन जगाला दिला, तो जर्मनीतील हानोव्हर येथे एका यहुदी घरात जन्मला होता. आपल्याच एका बांधवाने आवाज जपण्याचे साधन जगाला दिले. मग आपलेच आवाज आपण का हरवू द्यावेत?

भाच्याने केलेली ती पेटी आता आमच्या कपाटात आहे. मलिद्याचा प्रसंग असो वा कीर्तनाचा, शब्बाथ व सणाचे दिवस वगळून ती घेऊन येण्यास आम्ही सिद्ध आहोत. ज्यांच्या घरी पदे जाणणारी वडीलधारी मंडळी आहेत, त्यांनी एवढेच करावे: उद्यावर ढकलू नये.