संगणकातील आगंतुक

वर्तमानपत्रात बातम्यांच्या शेजारी जाहिराती असतात. रस्त्याच्या कडेला फलक असतात. जाहिरात ही व्यापाराची जुनी सोबतीण आहे. तिच्यात मुळात काही गैर नाही. वर्तमानपत्र मिटले की जाहिरातही मिटते. परंतु घरातील संगणकावर कधी कधी अशा जाहिराती दिसू लागतात, की त्या मिटता मिटत नाहीत. एक खिडकी बंद करावी, तर दुसरी उघडते. ब्राउझर सुरू करताच नेहमीच्या पानाऐवजी भलतेच पान समोर येते. शोधावे एक आणि दिसावे दुसरेच, असा प्रकार होतो. संगणकही मंदावतो. अशा वेळी त्यात ‘ॲडवेअर’ शिरले असण्याचा फार संभव असतो.

संगणकाने काय करावे हे सांगणाऱ्या सूचनांच्या संचास आज्ञावली म्हणतात. मालकाला नको असताना त्याच्यापुढे जाहिराती मांडणारी आज्ञावली म्हणजे ॲडवेअर. जाहिरात किती वेळा पाहिली गेली, किती वेळा तिच्यावर क्लिक केले गेले, यावर तिच्या कर्त्याला पैसे मिळतात. कोणती जाहिरात कोणाला भुरळ घालील हे कळावे, म्हणून अशा कित्येक आज्ञावल्या मालकाने कोणती संकेतस्थळे पाहिली, काय शोधले, याची गुपचूप नोंद ठेवतात. जाहिरात हे तिचे वरचे रूप. आत चालते ती पाळत.

ही आज्ञावली घरात शिरते कशी? बहुधा ती भिंत फोडून येत नाही. उघड्या दारातून येते. ‘फुकट ते पौष्टिक’ असे समजून एखादा खेळ इंटरनेटवरून उतरवून घेतला जातो. तो संगणकात बसविताना एकामागून एक सूचना येतात. त्या न वाचताच ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’ असे बटण दाबले जाते. त्यांपैकीच एका चौकटीत आधीच बरोबरची खूण केलेली असते. तिचा अर्थ असा, की या खेळाबरोबर आणखी एक आज्ञावली घेण्यास मालकाची संमती आहे!

संमतीचा हा खेळ किती महागात पडू शकतो, हे एका प्रसिद्ध उदाहरणावरून दिसून येते. लेनोव्हो ही संगणक बनविणारी मोठी कंपनी आहे. सन २०१४ मध्ये तिने अमेरिकेत विकलेल्या लाखो लॅपटॉपांत सुपरफिश नावाच्या दुसऱ्या कंपनीची आज्ञावली आधीच बसविलेली होती. दुकानाच्या संकेतस्थळावर एखाद्या वस्तूच्या चित्रावर माउस नेला, की तिच्यासारख्या वस्तूंच्या जाहिराती उमटत. प्रथम एकदाच एक लहानशी खिडकी उघडून याची माहिती देई. पण ती खिडकी नुसती मिटली, तरी मालकाने संमती दिली असे धरले जाई.

खरा धोका याहून निराळाच होता. बँकेच्या संकेतस्थळाशी ब्राउझरचे बोलणे गुप्त लिपीत चालते आणि समोरचे संकेतस्थळ खरे आहे हे त्याच्या डिजिटल प्रमाणपत्रावरून पटते. जुन्या काळी खलिता खरा की खोटा हे त्यावरील शिक्क्यावरून ठरे, तसेच हे. या गुप्त बोलण्यातही जाहिराती घुसविता याव्यात, म्हणून या आज्ञावलीने खऱ्या शिक्क्याच्या जागी स्वतःचा शिक्का उमटविला आणि संगणकाला तोच खरा मानावयास लावले. शिवाय, सर्व लॅपटॉपांत हा शिक्का एकच होता! तो ज्याच्या हाती पडेल, त्याला बँकेचे सोंग घेऊन लोकांना लुबाडता आले असते. घरचा भेदीच लंका जाळतो, तो असा. फेब्रुवारी २०१५ मध्ये तज्ज्ञांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी व ३२ राज्यांशी कंपनीची तडजोड झाली. तिला ३५ लाख डॉलर द्यावे लागले आणि यापुढे अशी आज्ञावली बसविण्यापूर्वी ग्राहकाची स्पष्ट संमती घेण्याचे बंधन तिच्यावर आले.

या प्रकरणातून आणखी एक धडा मिळाला. ती आज्ञावली काढून टाकली, तरी तिचे प्रमाणपत्र संगणकात मागे राहत असे. शेतातील हराळी वरवर कापली, तर पुन्हा उगवते. ती मुळासकट खणावी लागते. ॲडवेअरचेही तसेच आहे. ते काढताना घरातील जाणत्या माणसास बरोबर घ्यावे. प्रथम महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी. मग सेटिंग्जमध्ये जाऊन बसविलेल्या आज्ञावल्यांची यादी पाहावी. त्रास सुरू झाला त्या सुमारास आलेली अनोळखी आज्ञावली कोणती हे शोधून ती काढावी. त्यानंतर ब्राउझरकडे वळावे. त्याला जोडलेली अनोळखी एक्स्टेंशने काढावीत, पहिले पान व शोधयंत्र पूर्ववत करावे आणि सूचना पाठविण्याची परवानगी कोणकोणत्या संकेतस्थळांना दिली आहे तेही तपासावे. शेवटी अँटिव्हायरसकडून सगळा संगणक तपासून घ्यावा. विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत असा पहारेकरी मुळातच असतो.

तथापि, घर झाडण्यापेक्षा घाण आत न येऊ देणे केव्हाही चांगले. आज्ञावली घ्यावयाची ती तिच्या कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. बसविताना प्रत्येक सूचना वाचावी आणि नको असलेल्या चौकटीतील खूण काढावी. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे, येथे दाबा’ अशी आरोळी ठोकणाऱ्या खिडकीस भुलू नये. पुष्कळदा तीच ॲडवेअरची दूत असते. ब्राउझर व विंडोज वेळोवेळी अद्ययावत करावेत.

कागदावर सही करण्यापूर्वी शहाणा माणूस त्यावरील मजकूर वाचतो. संगणकावरील बटण दाबणे हीदेखील एक प्रकारची सहीच आहे. ती करण्यास क्षणही लागत नाही. तिचे परिणाम मात्र दीर्घकाळ भोगावे लागतात. म्हणून आधी वाचावे, समजून घ्यावे आणि मगच होकार द्यावा. आपल्या दाराची कडी ज्याने आपल्या हाती ठेवली, त्याच्या घरी आगंतुकाचे काही चालत नाही.