मानसशास्त्राकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी

एचएससीचा निकाल लागला, की पुढे काय, हा प्रश्न घरोघरी उभा राहतो. डॉक्टर, वकील, शिक्षक हे व्यवसाय आपल्या वडीलधाऱ्यांच्या ओळखीचे आहेत. आता मुलेमुली मानसशास्त्राचेही नाव घेतात. रेद्वी येथील मॉरिशस विद्यापीठात या विषयाची पदवी घेता येते. तेव्हा या व्यवसायाला कसला स्वभाव लागतो, याचा विचार आईवडिलांनीही करावा, असे आम्हांला वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. "आमची मुलगी बोलकी आहे, सगळ्यांना सल्ला देते, ती मानसशास्त्रज्ञ होईल," असे कौतुकाने म्हटले जाते. परंतु सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. शेवटपर्यंत ऐकून घेणारा विरळा. अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली एका गाजलेल्या लेखात मदत करणाऱ्याच्या अंगी तीन गोष्टी हव्यात, असे मांडले: दुसऱ्याचे दुःख त्याच्या जागी उभे राहून जाणणे, त्याला अट न घालता स्वीकारणे आणि स्वतः आतबाहेर एक असणे. एवढ्याने प्रत्येक आजार बरा होतो काय, यावर पुढे वाद झाला. पण या गुणांचे महत्त्व कोणी नाकारले नाही.

अट न घालणे बोलायला सोपे आहे. दारूत बुडालेला बाप, नापास झालेला मुलगा, घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करू पाहणारी मुलगी, असे कोणीही समोर येईल. त्यांना नावे ठेवण्याचा मोह ज्याला आवरत नाही, त्याने दुसरी वाट धरावी.

आमच्या मते आपल्याकडे सर्वांत मोठा गुण म्हणजे गुप्तता. बेट लहान, कास्काव्हेलचे भांडण संध्याकाळी वाक्वाला पोहोचते. येथे ऐकलेली गोष्ट मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या आईलाही सांगू नये. कोणाच्या जिवाला धोका असेल, तर मात्र गप्प बसता येत नाही, आणि हे पहिल्याच भेटीत सांगून ठेवायचे असते. जवळच्या नातलगांवर स्वतः उपचार न करता त्यांना दुसऱ्याकडे पाठवावे, हाही या व्यवसायाचा शिरस्ता आहे. ज्या समाजात निम्मे लोक कोणाचे ना कोणाचे मामा-मावशी लागतात, तेथे हा नियम पाळायला धैर्य लागते.

चौथी गोष्ट अभ्यासाची. १८७९ साली जर्मनीतील लाइप्झिग येथे विल्हेल्म वुंट यांनी मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून या विद्येत मोजमाप आले. संख्याशास्त्र शिकावेच लागते. गणिताला घाबरून इकडे वळणाऱ्याची निराशा होईल. पदवी ही तर पहिली पायरी. उपचार करण्यासाठी पुढचे शिक्षण आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम, दोन्ही हवे.

भाषाही हवी. पुस्तके इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये असतील, पण आजीचे दुःख क्रेओलमध्ये किंवा भोजपुरीत बाहेर येईल. तिला तिच्याच बोलीत समजून घेता आले पाहिजे.

शेवटी, आपली मर्यादा ओळखणे. औषधाची गरज दिसली, तर मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवण्यात कमीपणा नाही. रोज दुसऱ्याचे दुःख ऐकून स्वतःचे मन थकले, तर तेही वडील सहकाऱ्याजवळ मोकळे करावे लागते.

हे गुण बरेचसे सवयीने वाढतात. म्हणून पालकांना आमची विनंती अशी: धाकटे भावंड रडत असताना आपले मूल उपदेश करते, की शेजारी बसून ऐकते? मित्राचे गुपित जेवताना सांगून टाकते, की पोटात ठेवते? ऐकणाऱ्या, गुपित राखणाऱ्या मुलाला घुम्या म्हणून हिणवू नका. लोक काय म्हणतील या भीतीने आपल्यातली कितीतरी माणसे मनाचे दुखणे घरातच दाबून ठेवतात. ती दार ठोठावतील, तर ती अशाच विश्वासाच्या माणसाचे.