फौजेचा खर्च आणि वऱ्हाड

राज्याच्या रक्षणासाठी सैन्य ठेवावेच लागते; परंतु त्याचा खर्च उत्पन्नाला पेलेनासा झाला, म्हणजे काय घडते, हे वाशीमच्या इतिहासावरून कळते.

वाशीमसह सारे वऱ्हाड पूर्वी हैदराबादच्या निजामाकडे होते. ‘हैदराबाद कंटिंजंट’ ही फौज निजामाच्या पैशावर पोसली जाई. हुकूम मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा चाले. वाशीमजवळ हिंगोलीस तिची छावणी होती. शिपायांचे पगार थकले, की कंपनी सरकार ते आपल्या खजिन्यातून देई आणि निजामाच्या नावे कर्ज मांडी. अखेर १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार कंपनीकडे गेला. फौजेचा पगार आता थेट येथील कास्तकाराच्या शेतसाऱ्यातून भागू लागला.

रक्षणासाठी ठेवलेल्या फौजेपायीच मुलूख हातचा गेला! अंथरूण पाहून पाय पसरावे, हे घराप्रमाणे राज्यालाही लागू आहे.