संचालक मंडळावरील नवी भगिनी आणि तिची सही

सहकारी पतसंस्थांच्या निवडणुका जाहीर झाल्या की गावोगावी दोन महिला उमेदवारांचा शोध सुरू होतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याने संचालक मंडळावर दोन जागा महिलांसाठी राखून ठेवलेल्या आहेत. बचतगट चालविलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या किंवा केवळ एका प्रतिष्ठित घरातील सून असलेल्या भगिनीला गळ घातली जाते. ‘तुम्हाला काही करावे लागणार नाही, फक्त बैठकीला या,’ असे सांगितले जाते. आम्हाला या लेखात बोलायचे आहे ते याच वाक्याविषयी, कारण ते खरे नाही.

संचालक मंडळाने घेतलेल्या निर्णयांची जबाबदारी कायद्याने सर्व संचालकांवर संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्याही टाकलेली आहे. राखीव जागेवरून आलेल्या संचालिकेला त्यातून सवलत नाही. संस्थेचे नुकसान झाले, तर कलम ८८ खाली चौकशी होऊन ते कारभारात भाग घेतलेल्यांकडून वसूल केले जाऊ शकते. शिवाय पतसंस्थेत पैसे असतात ते शेजाऱ्यापाजाऱ्यांचे: कोणाच्या मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले, कोणाच्या आखाती देशातील नोकरीतून आलेले. बँकेतील ठेवींना ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतील ठेवींना ते लागू नाही. तेथे ठेवीदाराचे संरक्षण बऱ्याच अंशी संचालक मंडळाच्या जागरूकतेवरच अवलंबून असते.

म्हणून नेतृत्वाचे पहिले कौशल्य भाषण नव्हे, वाचन होय. बैठकीच्या सूचनेसोबत विषयपत्रिका येते. तिच्याबरोबर कर्जप्रकरणांची यादी, थकबाकीची यादी आणि मागील बैठकीचे इतिवृत्त मागून घ्यावे. हे कागद बैठकीच्या टेबलावर हाती पडले तर ते वाचून होत नाहीत, आणि काही ठिकाणी तसाच हेतू असतो. थकबाकीच्या यादीत सर्वांत मोठी दहा नावे प्रथम पाहावीत. त्यानंतर मार्च महिन्यात मंजूर झालेली कर्जे पाहावीत. जुने कर्ज फेडता येत नसेल तर त्याच कर्जदाराला नवे कर्ज देऊन त्यातून जुने खाते बंद करायचे, यालाच सहकारात ‘नवे-जुने’ म्हणतात. ३१ मार्चला त्यामुळे थकबाकी कमी दिसते, प्रत्यक्षात एक रुपयाही आलेला नसतो. दरवर्षी तीच नावे मार्चच्या यादीत दिसू लागली की प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे असे समजावे.

हे सर्व फार शिकलेल्यांचे काम आहे, असे वाटणाऱ्यांनी साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडची हकिकत लक्षात घ्यावी. तेथील ग्रामीण महिलांनी चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने बँकेसाठी परवाना मागितला, तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर आहेत या कारणास्तव रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. त्या महिला अक्षरे शिकल्या आणि पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. व्याजाचा हिशोब आम्हाला तोंडी येतो, हवे तर परीक्षा घ्या, असे त्यांनी सुनावले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. ज्या गृहिणीने आयुष्यभर भिशीचा हिशोब ठेवला, तिला कर्जाचा हप्ता चुकल्याचे नक्कीच समजते.

खरी अडचण असते ती विचारण्याची. व्यवस्थापक वीस वर्षे त्याच खुर्चीवर असतो, अध्यक्ष नात्याने दीर किंवा मामा लागतो, आणि पहिल्याच प्रश्नाला ‘ताई, ते तुम्हाला हळूहळू कळेल’ असे गोड उत्तर मिळते. (पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायची वेळ आली की मात्र ताईंची आठवण हमखास होते.) अशा वेळी आवाज चढवून लाभ नाही. प्रश्न दोन दिवस आधी लेखी द्यावा; म्हणजे व्यवस्थापकाला तयारीला अवधी मिळतो आणि टाळण्याची सबब राहत नाही. दुसऱ्या संचालिकेशी आधी बसून कागद वाचावेत. एकटीने विचारलेला प्रश्न खाली पडतो, दोघींनी धरलेला सहसा पडत नाही.

उत्तर पटले नाही तर ‘माझा विरोध इतिवृत्तात नोंदवावा’ हे वाक्य शांतपणे उच्चारावे, आणि पुढील बैठकीत इतिवृत्त कायम होण्यापूर्वी ती नोंद खरोखर झाली आहे का, हे पाहावे. बैठकीत गप्प बसून घरी नाराजी व्यक्त करणाऱ्या संचालकाला पुढे चौकशी अधिकाऱ्यासमोर ती नाराजी सिद्ध करता येत नाही. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर तर कोणाच्याही आग्रहाने सही करू नये, पतीच्या आग्रहानेही नाही. ‘मी सगळे वाचले आहे, तू फक्त सही कर’ हे वाक्य घराघरांत प्रेमानेच म्हटले जाते. जबाबदारी मात्र सही करणारीचीच राहते.

नातेवाइकांचा प्रश्न याहून नाजूक. ‘वहिनी, आमच्या कर्जाचे तेवढे बघा ना’ अशी विनंती पहिल्याच महिन्यात येते. आपल्या नात्यातील प्रकरण चर्चेला आले की तसे सांगून बैठकीबाहेर जावे, हे उत्तम. नात्यातल्या माणसाला आधीच सांगता येते, ‘तुमच्या अर्जावर मी बसणार नाही.’ थोडा अबोला होतो, पण ठेवीदारांच्या शिव्याशापांपेक्षा तो परवडतो. याउलट, शिपायाची रजा किंवा रोखपालाची जागा अशा दैनंदिन बाबींत संचालकांनी हात घालू नये. तो व्यवस्थापकाचा प्रांत आहे, आणि तो मोकळा ठेवला तरच धोरणाच्या प्रश्नांवर त्याला जाब विचारता येतो.

आर्थिक वर्ष संपल्यावर ३० सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. तेथे सभासद व्यासपीठावरील कोणत्याही संचालकाकडे पाहून प्रश्न विचारू शकतात. नव्या संचालिकेने त्या दिवसाची वाट न पाहता पहिल्याच बैठकीत मागील वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आणि त्यावरचा दोषदुरुस्ती अहवाल, या दोहोंच्या प्रती मागाव्यात. लेखापरीक्षकाने दाखविलेला कोणता दोष तीन वर्षे तसाच पुढे ढकलला जात आहे, हे त्या दोन कागदांवरून अर्ध्या तासात कळते.