माळ्यावरच्या स्पीकरना पुन्हा आवाज

मैत्रिणींनो, सवड मिळाली की आपल्या माळ्यावर एकदा नजर टाका. वाशी असो, नेरूळ असो की बेलापूर, नवी मुंबईतल्या घरांचे माळे लहान, पण त्यांत काय मावत नाही! पाहुण्यांच्या गाद्या, दिवाळीचा आकाशकंदील आणि पुष्कळ घरांत जुन्या टेपडेकच्या स्पीकरची एक जोडी. डेक केव्हाच बिघडला. खाडीकडच्या दमट हवेनं आतले सांधे गंजले, पट्टा बाजारात मिळेना, शेवटी भंगारवाल्याकडे गेला. स्पीकर मात्र ‘असू देत’ म्हणून राहिले.

गंमत अशी, की हे स्पीकर बहुधा ठणठणीत असतात. स्पीकर म्हणजे काय? एक लोहचुंबक, तांब्याच्या तारेचं छोटंसं वेटोळं आणि त्याला चिकटलेला कागदी शंकू. त्यात बिघडण्यासारखं थोडंच असतं. जाळी काढून बघा. कागद आणि त्याची कड फाटलेली नसेल, तर घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घेऊन त्याची दोन टोकं स्पीकरच्या दोन तारांना क्षणभर टेकवा. ‘टक्’ असा आवाज आला, की समजा जीव आहे. फक्त त्याला बोलतं करणारं यंत्र, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, घरात नाही. ते तुम्ही स्वतः किटवरून बनवू शकता, हेच आज सांगायचं आहे.

तुम्ही म्हणाल, ‘तयार ब्लूटूथ स्पीकर मिळत असताना हा उपद्व्याप कशाला?’ प्रश्न रास्त आहे. पैशाची फार मोठी बचत होईल असंही मी म्हणणार नाही. पण तयार डबा बंद पडला, की बहुधा फेकूनच द्यावा लागतो. आपण जोडलेल्या यंत्रातला प्रत्येक तुकडा आपल्या ओळखीचा असतो. बिघडला तर तेवढाच बदलता येतो. शिवाय फोनच्या स्पीकरचा पडदा नखाएवढा. तंबोऱ्याचा खर्ज, डग्ग्याचा घुमारा त्यातून येतच नाही. सासूबाईंना सकाळची भजनं नीट ऐकू येत नाहीत, त्यात दोष नेहमी कानांचाच असतो असं नाही.

हे काम बायकांचंच आहे

तारा, सोल्डर, सर्किट म्हटलं की आपण चटकन मुलाला नाहीतर ‘यांना’ हाक मारतो. पण इतिहास निराळं सांगतो. १९७३ साली अंधेरीला सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात क्षेत्र, म्हणजे आपलं सीप्झ, सुरू झालं. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत जुळणीच्या बाकांवर मोठ्या संख्येनं बसत होत्या त्या बायकाच. बारीक भाग ओळखणं, नेमक्या भोकात बसवणं, स्वच्छ डाख देणं, ही त्यांच्या हातची कामं. पुण्यात कर्वेनगरला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेनं १९९१ साली खास मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. तिथं मुली इलेक्ट्रॉनिक्स शिकतात. म्हणजे हात तयार आहेत, डोकंही तयार आहे. राहिली ती घरच्या टेबलाशी बसण्याची सवय.

बाजारहाट

या सामानाचं माहेरघर म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. आता त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण विचारताना लॅमिंग्टन रोडच म्हणा. हार्बरच्या गाडीनं कुर्ला, तिथून दादर, आणि पश्चिम रेल्वेनं ग्रँट रोड. पूर्वेला उतरलात की चालत थोड्याच अंतरावर. बहुतेक दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून शनिवार बरा. १९७०-८० च्या दशकांत हौशी मुलं इथूनच सुटे भाग नेऊन गणपतीच्या आरासीसाठी अ‍ॅम्प्लिफायर बांधत. १९६९ साली सुरू झालेलं ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ हे इंग्रजी मासिक अशा हौशींचं आवडतं.

पहिल्या खेपेला ‘टीडीए २००३ चं मोनो किट’ मागा. हा आयसी मुळात मोटारीतल्या रेडिओसाठी बनवलेला. म्हणून तो बारा व्होल्टवर खुशाल चालतो आणि घरातल्या २३० व्होल्टच्या विजेशी आपला संबंधच येत नाही. दोन स्पीकर असतील तर दोन किटं घ्या.

साहित्य : किट दोन, अ‍ॅल्युमिनियमचे हीटसिंक दोन, बीआयएसचं चिन्ह असलेला १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अडॅप्टर, त्याची पिन बसेल असं सॉकेट, १० के चा जोड व्हॉल्यूम कंट्रोल, फोनला जोडायची शील्डेड वायर, २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर, चिमटा, कटर आणि एक साधा मल्टिमीटर. हत्यारं एकदाच घ्यायची, जन्मभर पुरतात. ज्या फोनला हेडफोनचं गोल भोक नाही, त्यासाठी एक छोटा जोड वेगळा मिळतो.

कृती

आधी सगळे भाग एका ताटात काढून किटच्या कागदाशी ताडून पाहा. रेझिस्टरवर रंगीत पट्टे असतात, तेच त्याचे आकडे. काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, करडा ८, पांढरा ९. पहिले दोन पट्टे आकडे, तिसरा पुढची शून्यं. लाल-लाल-तपकिरी म्हणजे २२ आणि पुढे एक शून्य, २२० ओहम. पण तिसरा पट्टा सोनेरी असेल तर दहानं भागायचं. लाल-लाल-सोनेरी म्हणजे २.२ ओहम. या किटमध्ये बहुधा हे दोन्ही असतात, आणि आवाज किती पट वाढवायचा ते हीच जोडी ठरवते. २२० आणि २.२ म्हणजे सुमारे शंभर पट. अदलाबदल झाली तर यंत्र गप्प तरी बसेल नाहीतर भलतंच वागेल. म्हणून हे काम दिवसाउजेडी करा.

आता सोल्डर. आपल्या लहानपणी कल्हईवाला दारात यायचा तो आठवा. भांडं तापवायचं, नवसागर टाकून स्वच्छ करायचं, मग कथील फिरवायचं. इथं अगदी तोच न्याय! सोल्डरच्या तारेत कथील आणि शिसं असतं, पोटात राळ असते. नवसागराचं काम इथं ही राळ करते. साध्या ६०-४० च्या सोल्डरचं सुमारे १९० अंश सेल्सिअसला पाणी होतं. आयर्नचं टोक भागाच्या पायाला आणि प्लेटवरच्या तांब्याला एकदमच टेकवा, मनात दोन-तीन आकडे मोजा, मग तार तिथं लावा. सोल्डर आपोआप पसरून चकचकीत शंकू होतो. भांडं थंड असताना कथील धरत नाही, तसंच इथंही आहे. नुसता गोळा बसला तर तो ‘ड्राय सोल्डर’. दुरुस्तीवाल्यांकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारींचं मूळ तेच.

बुटके भाग आधी, उंच मागून. रेझिस्टर, मग छोटे कपॅसिटर, मग डब्यासारखे मोठे. मोठ्यांना दिशा असते. अंगावर पट्टी असलेली बाजू उणे, लांब पाय अधिक. उलटा बसवला तर तो फुगतो, प्रसंगी फुटतो. आयसी शेवटी. त्याच्या पाठीला पांढरी पेस्ट लावून तो हीटसिंकला स्क्रूनं घट्ट करा. भात उतरवताना आपण फडकं धरतो ना, तसा हा हीटसिंक आयसीची उष्णता स्वतःवर घेतो. त्याच्याशिवाय एक मिनिटही चालवू नका.

वीज लावण्याआधी

खरं शहाणपण इथं आहे. घाई म्हणते, ‘लाव आणि बघ.’ तसं करू नका. प्लेट उजेडात धरा आणि शेजारशेजारच्या दोन डाखांमध्ये सोल्डरचा पूल झालेला नाही ना, ते पाहा. अडॅप्टरचे अधिक-उणे मल्टिमीटरनं खात्री करून घ्या. मग स्पीकर न जोडता वीज द्या. वास, धूर, चटकन तापणं, यांतलं काही दिसलं तर ताबडतोब बंद. सगळं शांत असेल तर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी तार उण्याला, लाल तार आयसीच्या चौथ्या पायाला. काटा किंवा आकडा सहाच्या आसपास, म्हणजे बाराच्या निम्म्यावर, दिसला की काम फत्ते! शून्य किंवा बारा दिसले तर वीज काढून पुन्हा एकेक डाख तपासा. हे जमलं, की आवाज सगळ्यात कमी ठेवून स्पीकर जोडा आणि एक छानसं गाणं लावा. सुरू करताना एकदा ‘धप्’ होईल, घाबरू नका. एकसारखी ‘घूं’ येत असेल तर फोनकडून येणारी वायर शील्डेड आहे का आणि तिची जाळी उण्याला जोडली आहे का, ते बघा.

‘एवढ्याशा यंत्राचा आवाज पुरेल का?’ पुरेल. स्पीकरप्रमाणे दोन ते तीन वॅट मिळतात. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त तीन डेसिबलनं वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. म्हणून खोक्यांवर छापलेल्या हजार-हजार वॅटांना भुलू नका. बैठकीच्या खोलीला आणि महिला मंडळाच्या भजनाला हे भरपूर आहे. अंगण किंवा पटांगण मात्र याच्या आवाक्याबाहेरचं.

एवढं मात्र सांभाळा

सोल्डरमध्ये शिसं असतं, म्हणून हे काम ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर नको. खाली जुनं वर्तमानपत्र पसरा, खिडकी उघडी ठेवा, धूर तोंडाशी घेऊ नका. काम संपलं की हात साबणानं धुवा. घरात लहान मूल असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर बिनशिशाचं सोल्डर मागा. ते वितळायला थोडी जास्त उष्णता लागते, इतकंच. गरम आयर्न स्टँडवरच ठेवा, आणि पोरांच्या हाताला त्याची वायर लागणार नाही असं बघा.

अडॅप्टर कधीही उघडू नका. २३० व्होल्टला दुसरी संधी नसते. पुढे हौस वाढली आणि ट्रान्सफॉर्मरवर चालणारं मोठं किट घ्यावंसं वाटलं, तर मेन्सची जोडणी जाणत्या वायरमनकडून करून घ्या. फ्यूज हवाच, डबा धातूचा असेल तर त्याला अर्थिंग हवंच. जुन्या इमारतीत सॉकेटची तिसरी पिन खरोखर जोडलेली आहे का, तेही त्याला तपासायला सांगा.

आणि शेजारधर्म! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहानंतर आपल्या भिंतीपलीकडे कुणाचं तान्हं झोपलेलं असतं, हे नियमाशिवायही आपल्याला कळतं.

प्लास्टिकच्या जुन्या डब्यात सगळं नीट बसवलंत, हवेसाठी भोकं पाडलीत, की झाकण लावण्याआधी आणखी एक करा. आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवा. तीत सर्किटचा कागद, अडॅप्टरचे व्होल्ट, तारीख आणि बनवणारीचं नाव लिहा. पाच-सात वर्षांनी कुणी हा डबा उघडलाच, तर काय कुठे आहे हे त्याला कळेल, आणि कुणी केलं तेही.