निषेधाचा हक्क आणि तेलाचं वजन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वसईच्या पाचूबंदरापासून अर्नाळ्यापर्यंत आणि पुढे सातपाटी-डहाणूपर्यंत एखाद्या मोठ्या प्रकल्पाची चर्चा सुरू झाली की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. ‘आता बोलून काय उपयोग?’ आणि ‘बोललात तर केस लागेल.’ भर समुद्रातलं तेल असो, राजापूरची रिफायनरी असो की वाढवणचं बंदर, प्रकल्प वेगवेगळे असले तरी भीती तीच आणि तिच्यामागची अपुरी माहितीही तीच. म्हणून एकेक गैरसमज तपासून पाहू.

गैरसमज १ : जमावबंदी लागली की निषेध करणंच बेकायदा ठरतं.

वस्तुस्थिती : जमावबंदीचा आदेश ठरावीक जागेपुरता आणि ठरावीक मुदतीपुरता असतो. जुन्या १४४ कलमाची जागा जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाने घेतली. त्याखालचा आदेश एरवी दोन महिन्यांपलीकडे चालत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या ३७ (३) कलमाखालची जमावबंदी राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. वसई-विरारला २०२० पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे इथे हा आदेश पोलीस आयुक्तांकडून निघतो, डहाणू-पालघरकडे जिल्हाधिकाऱ्यांकडून.

तो कागद मिळवून शेवटपर्यंत वाचावा. कुठल्या हद्दीत, कुठल्या तारखेपर्यंत आणि नेमकं काय मना आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. निवेदन देणं, लेख लिहिणं, न्यायालयात जाणं हे त्याने थांबत नाही. मतभेद किंवा तक्रार दडपण्यासाठी १४४ कलम वापरता येणार नाही आणि आदेशाला कारणं द्यावी लागतील, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट केलं आहे. मात्र सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही, हेही त्याच न्यायालयाने त्याच वर्षी दिल्लीतल्या शाहीन बाग आंदोलनाच्या प्रकरणात सांगितलं. हक्क आहे, तो शांततेने आणि शस्त्राविना बजावण्याचा.

गैरसमज २ : पोलिसांची नोटीस आली म्हणजे गुन्हा दाखल झाला.

वस्तुस्थिती : आंदोलनाच्या आदल्या दिवशी हातात पडणारी नोटीस बहुधा त्याच संहितेच्या १६८ कलमाखालची, म्हणजे पूर्वीच्या १४९ ची असते. ती ताकीद असते. तो गुन्हा नव्हे, शिक्षा तर नव्हेच. १७० कलमाखाली खबरदारी म्हणून ताब्यात घेतलं, तर दुसऱ्या कायद्याचा आधार असल्याशिवाय २४ तासांपलीकडे ठेवता येत नाही. तडीपारी हे जास्त गंभीर प्रकरण, पण तिथेही आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते आणि आदेशाविरुद्ध ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं.

तरीही या साधनांचा धाक खरा आहे. एप्रिल २०२३ मध्ये राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, तेव्हा मनाई आदेश निघाले, धरपकड झाली, अश्रुधूर सोडला गेला. बाया तापल्या रस्त्यावर पोलिसांच्या गाड्यांपुढे आडव्या झाल्या. कागदावर तात्पुरती असलेली बंदी नेमक्या कामाच्या चार दिवसांत लागली, की काम उरकून जातं. म्हणून आदेशाच्या तारखा आणि प्रकल्पाच्या कामाच्या तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

गैरसमज ३ : तेल कंपनी एका बाजूला, गावकरी दुसऱ्या बाजूला आणि सरकार मधला पंच.

वस्तुस्थिती : राजापूरच्या याच ‘रत्नागिरी रिफायनरी’च्या आराखड्यात निम्मा वाटा इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांचा होता, उरलेला निम्मा सौदी अराम्को आणि अबू धाबीच्या अॅडनॉकसाठी ठरला होता. पहिल्या तिन्ही कंपन्यांवर केंद्राचंच नियंत्रण. हिंदुस्थान पेट्रोलियम २०१८ पासून ओएनजीसीमार्फत. म्हणजे प्रकल्प आणणारं सरकार, पर्यावरण मंजुरी देणारं सरकार, जमीन घेणारं सरकार आणि बंदोबस्त लावणारंही सरकारच. इथे लाच शोधत बसायची गरज नाही. प्रभाव याच रचनेत आहे.

गैरसमज ४ : प्रत्येक प्रकल्पाची जनसुनावणी होते आणि तिथे बहुमत विरोधात गेलं की प्रकल्प रद्द.

वस्तुस्थिती : दोन्ही चूक. जानेवारी २०२० मध्ये केंद्राने पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना बदलली आणि समुद्रातलं व जमिनीवरचं तेल-वायू शोधकार्य ‘बी-२’ गटात टाकलं. या गटाला ना आघात अहवाल लागतो ना जनसुनावणी. प्रत्यक्ष उत्पादनाला मात्र दोन्ही लागतं.

आपल्या मच्छीमारांसाठी हा बदल किरकोळ नाही. शोधकार्यासाठी समुद्रतळाखालचे थर तपासणारं सेस्मिक सर्वेक्षणाचं जहाज मागे कित्येक किलोमीटर लांबीची केबल ओढत, पाण्यात हवेचे स्फोट करत जातं. त्याच्या वाटेत जाळी टाकता येत नाहीत. त्या दिवसांत धंदा बुडतो, पण मासेमारांना विचारण्याची सक्ती कायद्यात नाही.

जिथे सुनावणी होते, तिथे मतदान होत नसतं. सुनावणी घेणारं मंडळ प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर करू शकत नाही; ते फक्त मुद्दे नोंदवतं. उपस्थितीची किमान अटही नाही, त्यामुळे बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. म्हणून तिथे जाऊन बोलावं, लेखी द्यावं, पोच घ्यावी. नोंदवलेल्या प्रत्येक हरकतीला कंपनीने अंतिम अहवालात उत्तर द्यायचं असतं. मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे अपिलाला ३० दिवस मिळतात, सबळ कारण असेल तर आणखी ६०. त्या अपिलात आपला लेखी मुद्दाच उपयोगी पडतो.

गैरसमज ५ : विरोधाने काही होत नाही.

वस्तुस्थिती : होतं, पण कायमचं होत नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीने बिल्डरांच्या विरोधात आवाज उठवला आणि वाड्या, विहिरी, पाणी हा सार्वजनिक प्रश्न बनला. वाढवणचं बंदर १९९८ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील डहाणू पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलं. राजापूर तालुक्यातल्या नाणारची रिफायनरी २०१९ मध्ये मागे घेतली गेली.

पण नाणारनंतर तोच प्रकल्प बारसूला आला. वाढवणला त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये ना हरकत दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी भूमिपूजन झालं. ७६,२२० कोटींच्या त्या बंदरात कंटेनरबरोबर द्रवरूप मालासाठीही ४ धक्के आहेत.

प्रकल्प पुन्हा येतो, कारण कंपनीकडे आणि सरकारकडे फाइल टिकून राहते. आंदोलनाकडे ती क्वचितच टिकते. मोर्चा हवाच, पण गावपातळीवर आदेशांच्या प्रती, सुनावणीचं इतिवृत्त, दिलेल्या हरकती आणि त्यांच्या पोचपावत्या जपणारी माणसंही हवीत. अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर इथल्या मच्छीमार सोसायट्या हे काम आजपासून हाती घेऊ शकतात, आणि त्यासाठी कुणाच्याही परवानगीची गरज नाही.