वीतभर उंचीवरचा जोड

नागपुरी संत्र्याचा वरचा घेर संत्र्याचा असतो, मुळे मात्र जंबेरी लिंबाची. काटोल-नरखेडकडच्या पन्हेरीत हिवाळ्यात डोळे बांधताना पाहिले, की या दोन झाडांची सोयरीक कशी जुळते ते कळते.

जंबेरीच्या एका बीतून बहुधा दोन-तीन अंकुर फुटतात. त्यांतले बहुतेक मातृवृक्षाच्याच पेशींपासून तयार झालेले, म्हणून हुबेहूब त्याच्यासारखे. वेगळी दिसणारी रोपे उपटून टाकतात. उरलेली पेन्सिलीएवढी जाड झाली, की खुंट तयार.

बांधणारा वाफ्यात उकिडवा बसतो. वीतभर उंचीवरचे काटे काढून सालीला एक उभी, एक आडवी चीर देतो. खुंटात रस चढलेला असेल तरच साल सुटते. मग संत्र्याच्या काडीवरून, पानाच्या देठाशी असलेला डोळा ढालीच्या आकाराच्या सालीसकट उचलतो आणि चिरेत सरकवतो. आतल्या ओल्या बाजूला बोट लागू देत नाही. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट बांधतो. तीनेक आठवड्यांनी डोळा हिरवा दिसला तर तो धरला. काळा पडला तर पुन्हा बांधायचा. धरलेल्या डोळ्याला फूट यावी म्हणून खुंटाचा शेंडा छाटतात.

जोड उंच ठेवण्याचे कारण जमिनीत आहे. विदर्भाच्या भारी काळ्या मातीत पावसाचे पाणी लवकर निचरत नाही. अशा ओलीत फायटोप्थोरा बुरशी वाढते. संत्र्याची साल मातीला टेकली, की बुंध्यातून डिंक गळू लागतो आणि बाग डिंक्याने खचते. जंबेरीची मुळेही या बुरशीपुढे फार टिकत नाहीत. रंगपूर लाइमचा खुंट त्या मानाने काटक. नागपुरात अमरावती रोडवरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था रोगमुक्त कलमे तयार करते, ती याचसाठी.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनावरून कलमाची पारख होत नाही: फळ हाती यायला चार-पाच वर्षे लागतात, आणि स्वस्तात घेतलेल्या कलमाचा दोष तोवर झाकलेला राहतो. म्हणून कलम घेताना आधी जोड बघा: वीतभर उंच, सरळ, डिंक नसलेला. लावताना तो मातीत गाडू नका. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी.